बियाणं आणि खायचं धान्य एकाच कणगीत नको
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत कलबुर्गी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता, हे आपण आरतीपासून ऐकत आलो. पण तो लेखनिकही आहे. व्यासांनी महाभारत सांगितलं, गणपतीनं ते लिहून घेतलं. मध्येच थांबायचं नाही, अशी गणपतीची अट होती आणि अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, अशी व्यासांची. दोघांनी कामाचे नियम आधी ठरवले आणि मग काम सुरू केलं. लिहिलेलं पुढे ठेवलं कुठे, हे मात्र ती कथा सांगत नाही. माझा आजचा विषय नेमका तोच आहे. लिहिलेलं ठेवायचं कुठे, कशाच्या शेजारी ठेवायचं आणि कशापासून लांब ठेवायचं?

मी पोटापाण्यासाठी संगणकांच्या कोठारांचं काम करतो. एखाद्या रुग्णालयाची नोंदणी, पतसंस्थेची खाती, कॉलेजचे निकाल ज्या यंत्रांवर चालतात, त्यांच्या डिस्का कुठे ठेवायच्या याचे नियम बसवायचे, हे त्या कामातलं एक मोठं प्रकरण. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या मंडळापुढे या वर्षी एक प्रश्न आलेला आहे. घराघरांतले मोडी कागद, जुने फोटो, जुन्या स्मरणिका यांच्या प्रती काढून संगणकावर ठेवायच्या का, आणि ठेवल्या तर कुठे? त्या प्रश्नाचं उत्तर याच विषयात दडलेलं आहे, म्हणून थोडा वेळ सोसा.

आधी यंत्र समजून घेऊ. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असायचा. आता एका दणकट सर्व्हरच्या पोटात दहा-वीस आभासी संगणक चालतात. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत तसं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, आपलं घर स्वतंत्र आहे. पण भिंती, पाणी आणि जिना सामाईक. या आभासी संगणकांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांची हार्ड डिस्क म्हणजे खरं तर एक मोठी फाइल असते. ही फाइल सर्व्हरच्या आत ठेवत नाहीत, बाहेरच्या सामाईक कोठारात ठेवतात. कारण सरळ आहे. सर्व्हर बंद पडला, तर शेजारचा सर्व्हर तीच फाइल उघडून तेच मशीन काही मिनिटांत पुन्हा सुरू करू शकतो. दाणा घरात नसून गावच्या कोठारात असेल, तर एका घराला आग लागली म्हणून कुणी उपाशी राहत नाही.

या कोठाराचे कप्पे पाडलेले असतात. आमच्या भाषेत डेटास्टोअर. जुन्या वाड्यात ज्यांनी बळद पाहिलं असेल, त्यांनी तसे चार-पाच बळद शेजारी शेजारी आहेत असं समजावं. नवं मशीन आलं की त्याची डिस्क कोणत्या बळदात टाकायची? नियम नसेल तर माणूस एकच पाहतो : सध्या रिकामं कोणतं आहे? आणि तिथे ढकलून मोकळा होतो. सहा महिने काही बिघडत नाही.

मग काय होतं ते सांगतो. आपल्याच भागातल्या एका संस्थेत घडलेली गोष्ट आहे, नाव घेत नाही. तिथे कर्मचाऱ्यांचे पासवर्ड तपासणारी दोन मशीनं होती. एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणूनच दोन घेतली होती. दोन्हींच्या डिस्का मात्र एकाच डेटास्टोअरवर पडल्या होत्या, कारण बसवण्याच्या दिवशी तेच रिकामं होतं. शिवाय प्रत्येक मशीनला कागदावर जेवढी जागा दिली होती तेवढी प्रत्यक्षात अडवलेली नव्हती. जसजशी लागेल तसतशी घ्यायची, अशी सोय होती. पंगतीला शंभर पानांचं आमंत्रण आणि स्वयंपाक साठ पानांचा, सगळे एकदम येणार नाहीत या भरवशावर. एका सोमवारी सगळे एकदम आले. डेटास्टोअर काठोकाठ भरलं, दोन्ही मशीनं एकाच क्षणी थांबली आणि बाहेर माणसांची रांग लागली. मशीन शाबूत, डिस्क शाबूत, आणि काम ठप्प. दोन असूनही एकच असल्यासारखं झालं.

हे टळावं म्हणून नियम लिहितात. व्हीएमवेअर या कंपनीच्या प्रणालीत २०११ साली, पाचव्या आवृत्तीबरोबर, स्टोरेज डीआरएस नावाची सोय आली. तिच्यात अनेक डेटास्टोअरांचा एक गट करता येतो आणि त्या गटावर नियम बसवता येतात. नियम मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला, एका मशीनच्या सगळ्या डिस्का एकत्र ठेवा. तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रणाली हाच नियम धरून चालते. ऐकायला उलटं वाटतं, वाटून ठेवलं तर बरं नाही का? विचार करा. एका मशीनच्या तीन डिस्का तीन बळदांत ठेवल्या, तर त्या मशीनला तिन्ही बळदं शाबूत लागतात. कोणतंही एक गेलं की मशीन बसलं. एकत्र ठेवल्या तर धोका एकाच बळदाचा. विखुरणं म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे नवशिक्यांना सांगावं लागतं.

दुसरा, एकाच मशीनच्या ठरावीक डिस्का वेगळ्या ठेवा. हा कुठे लागतो? जिथे खातेवही आणि रोजकीर्द दोन्ही आहेत तिथे. बँकेच्या डेटाबेसमध्ये एक असतो मुख्य डेटा आणि दुसरी असते प्रत्येक व्यवहाराची ओळीनं नोंद. मुख्य डेटा गेला, तरी कालचा बॅकअप आणि आजची रोजकीर्द हातात असेल तर खातेवही पुन्हा उभी करता येते. दोन्ही एकाच जागी असतील आणि ती जागा गेली, तर उभं कशावरून करणार? शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. खायची ज्वारी पेवात, आणि बियाण्याची राखेत घोळून वेगळ्या कणगीत. पेवात पाणी शिरलं तर एक वर्ष उसनवारीवर काढता येतं, पण बियाणं गेलं तर पुढचं सालच गेलं.

तिसरा, दोन वेगळ्या मशीनांच्या डिस्का एका जागी येऊ देऊ नका. मघाशी सांगितलेल्या संस्थेत हा नियम हवा होता. जी मशीनं एकमेकांची राखीव आहेत, त्यांनी एका छपराखाली झोपायचं नाही.

नियमांच्या जोडीला दोन मर्यादा असतात. डेटास्टोअर ८० टक्के भरलं की प्रणाली हलवाहलव सुचवू लागते. म्हणजे ४ टेराबाइटचं असेल तर ३.२ टेराबाइटला घंटा वाजते. दुसरी मर्यादा वेळेची. मागितलेला दाणा मिळायला १५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू लागले, तर त्या बळदावर गर्दी झाली असं समजायचं. ही तपासणी दर आठ तासांनी होते. हे आकडे कंपनीनं ठरवून दिलेले आहेत, आपण बदलू शकतो. मशीन चालू असतानाच त्याची डिस्क एका जागेवरून दुसरीकडे नेता येते, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तरी माझा सल्ला असा की सुरुवातीचे काही आठवडे प्रणालीला फक्त सुचवू द्यावं, हलवण्याचा हुकूम माणसानं द्यावा. ती काय सुचवते हे पाहिलं की आपले नियम कुठे कच्चे आहेत ते कळतं. आणि रात्री बॅकअप चालू असताना हलवाहलव नको, एवढं तर स्वयंपाकघरातही आपण पाळतो.

अलीकडे चित्र बदललं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीनं व्हीएमवेअर विकत घेतली, परवाने वर्गणीवर गेले आणि छोट्या संस्था प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालींकडे वळू लागल्या. आठव्या आवृत्तीच्या तिसऱ्या सुधारणेत गर्दी पाहून डिस्का हलवणारा भाग कालबाह्य ठरवला गेला. जागेच्या हिशोबानं वाटप करण्याची सोय तेवढी राहिली. म्हणजे यंत्राची चतुराई येते आणि जाते. कोणत्या दोन गोष्टी एकत्र नकोत, हे ज्ञान यंत्राचं नसून संस्थेचं आहे. ते वहीत लिहिलेलं असेल तर प्रणाली बदलली तरी टिकतं.

आता यातला सगळ्यात मोठा सापळा. बीदरजवळ नौबादला बहमनी काळातली जमिनीखालची पाण्याची वाट आहे. करेझ म्हणतात तिला, लोक सुरंग बावडी म्हणतात. वरून पाहिलं तर ओळीनं विहिरींची तोंडं दिसतात. एखाद्याला वाटेल, इतक्या विहिरी, एक आटली तर दुसरी आहे. पण खाली बोगदा एकच आणि पाणीही एकच. डेटास्टोअरांचं असंच असतं. पडद्यावर पाच नावं दिसतात आणि पाचही एकाच लोखंडी कपाटातून आलेली असतात. तुम्ही नियम लिहिला, पहिलं मशीन एक नंबरवर, दुसरं दोन नंबरवर. प्रणाली हिरवी खूण दाखवते, कारण तिच्या लेखी नियम पाळला गेला. पण कपाटाची वीज गेली की दोन्ही गेली. नियम नावांना लागू झाला, वस्तूला लागू झालाच नाही. म्हणून नियम बसवण्याआधी खाली उतरून पाहायचं : हे कपाट कोणतं, वीज कुठून येते, खोली कोणती, इमारत कोणती.

इमारतीचं नाव घेतलं की बीदरचा महमूद गवानचा मदरसा आठवतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो शाळेच्या सहलीत पाहिला असेल. इराणमधल्या गिलानहून आलेल्या या बहमनी वजिरानं १४७२ च्या सुमारास तो बांधला. तिथे सुमारे तीन हजार हस्तलिखितांचं ग्रंथालय होतं, असं सांगतात. १४८१ मध्ये महमूद गवानला ठार करण्यात आलं, पण मदरसा राहिला. पुढे १६५७ मध्ये बीदर औरंगजेबाकडे गेलं. मदरशाचा वापर फौजेसाठी होऊ लागला, तिथे दारूगोळा साठवला गेला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस वीज पडून त्याचा स्फोट झाला. दोन मिनारांपैकी एक आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा कोसळला. आजही उरलेल्या मिनारावरच्या निळ्या-हिरव्या फरशा पाहताना दुसरा कसा दिसत असेल, असं मनात येतं. वीज कुणाच्या हातात नव्हती. विद्येच्या घरात दारू ठेवायची की नाही, हे मात्र कुणाच्या तरी हातात होतं. शेजार निवडणं हाही जागेचाच नियम असतो.

हे जुन्या काळचं झालं म्हणावं तर तसंही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक पाच मजली इमारत जळून खाक झाली. काही ग्राहकांचा मुख्य डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच आवारात होता. बॅकअपचे पैसे भरणाऱ्या एका ग्राहकानं न्यायालयात दाद मागितली आणि कंपनीला भरपाई द्यावी लागेल, असा निकाल लागला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात दजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली असलेलं ८५८ टेराबाइटचं सामाईक कोठार नष्ट झालं. फार मोठं आहे म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. आणि इतक्या लांब कशाला? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर गेली, माणसं दगावली आणि कागदांच्या फाइली जळाल्या. हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

मंडळी, आपल्या भागाला जागेच्या नियमांचा आणखी एक अनुभव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. १९८२ नंतर ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रकडे गेले. ज्यांची शेती भालकीला आणि भाऊबंद उदगीरला, अशी घरं आजही या सभागृहात आहेत. एका घराचे कागद दोन-तीन राज्यांच्या कचेऱ्यांत आणि तीन-चार लिप्यांत विभागले गेले. पणजोबांचा कागद मोडीत, आजोबांच्या काळचा महसुली उतारा उर्दूत, वडिलांचा कानडीत आणि पत्रव्यवहार बाळबोध मराठीत. ‘एका मशीनच्या डिस्का एकत्र ठेवा’ हा नियम कशासाठी, हे आपल्या घरांइतकं कुणाला कळणार? चारातला एक कागद वाचता आला नाही, तर उरलेल्या तिघांचा अर्थही अडतो.

याच भागात उलट दिशेचा प्रयोगही झाला आहे. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याचा कर्नाटकातला पहिला प्रयोग १९९१ मध्ये आपल्या गुलबर्गा जिल्ह्यात सुरू झाला. पुढे २००० च्या आसपास भूमी प्रकल्प आला. तेव्हाच्या १७७ तालुक्यांतल्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर गेल्या आणि १५ रुपयांत पहाणीची प्रत हातात पडू लागली. आधी तालुक्या-तालुक्याच्या कचेरीत स्वतंत्र संगणक होते, पुढे सगळं राज्याच्या मध्यवर्ती डेटा सेंटरकडे गेलं. ग्रामलेखापालाच्या पेटीतला कागद आता बंगळूरमधल्या एखाद्या डेटास्टोअरवर आहे. तो कोणत्या नियमानं ठेवला आहे, हा विचार करण्याचा हक्क शेतकऱ्यालाही आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. काही ज्येष्ठांचं म्हणणं मी ऐकलं आहे : घरचे कागद मंडळाकडे कशाला? उद्या कुणाच्या हातात पडतील, जमिनीचे वाद उकरून निघतील. ही भीती खोटी नाही. दुसरीकडे तरुण म्हणतात, सगळं एका हार्ड डिस्कवर भरा आणि मंडळाच्या कपाटात ठेवा, काम संपलं. यांचा उत्साहही खरा आहे. पण एक डिस्क आणि एक कपाट म्हणजे एकच बळद झालं. मोबाइलवर दोन-दोन ठिकाणी पाठवली म्हणून ती सुरक्षित होत नाही. खाली पाणी एकच आहे का ते बघावं लागतं.

माझी सूचना पाच नियमांची आहे.

एक. मूळ कागद ज्याच्या घरचा, त्याच्याच घरी राहील. मंडळाकडे फक्त प्रत.

दोन. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. जगभर हा तीन-दोन-एकचा नियम म्हणून ओळखला जातो. दोन प्रती कलबुर्गीत ठेवल्या, तर त्या एका घरात किंवा एका गल्लीत नकोत. तिसरी सोलापूर, लातूर, पुणे, जिथे आपलं विश्वासाचं माणूस असेल तिथे.

तीन. प्रत्येक प्रतीबरोबर तिची सूची असलीच पाहिजे. कोणाचा कागद, कोणतं गाव, कोणतं साल, कोणती लिपी आणि मजकुराचा चार ओळींत सारांश. सूची एकीकडे आणि चित्रं दुसरीकडे अशी ताटातूट झाली, तर वीस वर्षांनी नुसत्या पिवळ्या चौकोनांचा ढीग उरेल.

चार. जमिनीचे आणि वाटणीचे कागद वेगळ्या कप्प्यात, कुलपात. ते घरच्यांच्या परवानगीशिवाय उघडणार नाहीत. फोटो, पत्रिका, स्मरणिका सगळ्यांना खुल्या. एकाच्या भीतीपायी दुसरं अडू नये.

पाच. दरवर्षी गणेश चतुर्थीच्या आधी दोघांनी बसून तिन्ही प्रतींतली दहा-दहा पानं उघडून पाहायची आणि वहीत तारीख घालून सही करायची. न उघडलेली प्रत ही प्रत नसते, असं मी माझ्या कामात रोज पाहतो. आणि ही जबाबदारी एकाच माणसाकडे नको. ज्यांना कुलूप उघडता येतं ते दोघे तरी हवेत, आणि तेही एका घरातले नकोत.

खर्च फार नाही. दोन डिस्का, एक स्कॅनर, थोडी चिकाटी. ज्याचा तुटवडा आहे ते वेगळंच आहे. मोडी सरसर वाचणारी किती माणसं आपल्यात उरली आहेत, हे तुम्ही मनातल्या मनात मोजा. ज्यांना उर्दू उतारा लावता येतो त्यांचं वय मोजा. मला बोटंसुद्धा पुरून उरली. कागद आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण त्याच्या शेजारी बसून ‘हा अमक्याचा, ही सही तमक्याची’ असं सांगणारं माणूस तितकं थांबणार नाही. तेव्हा सूचीचं काम आधी, आणि ते या वर्षीच.

आज रात्री घरी गेल्यावर ट्रंक उघडा. कागद कुणाला द्यायचा की नाही, ते सावकाश ठरवा. पण वर कोणत्या सालचा आहे आणि कुणाचा आहे, एवढं घरातल्या मोठ्या माणसाला विचारून एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळाच्या खोलीत मी स्कॅनर घेऊन बसणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी यावं. ज्यांना शंका आहे त्यांनी तर जरूर यावं, कारण चौथा नियम त्यांच्याच शंकेतून आलेला आहे.

गणपती बाप्पा मोरया!